हिमनदीपाशी मारलेली हाक

सालोमिनेच्या हातचा सीलचा रस्सा खाल्ला की उठून घरी जावंसं वाटत नाही, असं आमच्या वस्तीत म्हणायचे. कांदा, तांदूळ, मीठ आणि सीलचं मांस. दुसरं काही नाही. पण तिची एक खोड होती. ढवळताना ती रश्शाशी भांडायची. "शिजतोस की नाही मेल्या, का कोणा पाहुण्याची वाट बघतोयस?" म्हणायची. रस्सा ऐकायचा.

उन्हाळ्यात ती जहाजावर स्वयंपाकाला असायची. जहाज मुळात कोळंबी पकडायचं. धुऊन पुसून, रंग देऊन त्यात बिछाने घातले आणि परदेशची माणसं देवमासे, हिमनद्या आणि पांढरं अस्वल बघायला त्यात बसू लागली. कोळंबीचा वास काही जाईना. पाहुणे म्हणायचे, "अहाहा, समुद्राचा वास!" सालोमिने मान डोलवायची आणि पुढचा कांदा घ्यायची. अस्वल मात्र कधी दिसायचं, कधी नाही. नाही दिसलं की पाहुण्यांची तोंडं अशी व्हायची, जसं काही तिनेच ते चुलीमागे लपवलंय.

तिचा नवरा शिकारी होता. त्याचं नाव आत्ता घेत नाही. त्या उन्हाळ्यात वस्तीत कोणीच घेत नव्हतं. गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला मिळेपर्यंत तोंडातून काढायचं नसतं. बाळाला मिळालं की माणूस घरी परत आला. मग खुशाल हाका मारा, शिव्या घाला, लाड करा. तोवर 'तो' म्हणायचं, 'सालोमिनेचा' म्हणायचं.

पण तो गेला होता का, हेच तर कोणाला ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं, आदल्या वर्षी उन्हाळा सरता सरता. समुद्राचं बर्फ अलीकडे धड धरत नाही, कुत्र्यांची घसरगाडी घालायची सोय राहिली नाही, म्हणून त्याने आपले कुत्रे विकून टाकले. त्याच्या दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी वाढदिवसाची कॉफी होती. सगळी वस्ती त्या एका खोलीत. त्याचा शिकारीचा जोडीदार गाबा, जिभेला हाड नसलेला माणूस, सगळ्यांसमोर म्हणाला, "आता काय बाबा, जहाजावर जा आणि बायकोच्या हाताखाली बटाटे सोल. नीट नाही सोललेस तर रश्शासारखं तुलाही ढवळील!" खोलीभर हशा पिकला. सालोमिनेही हसली.  त्याने कॉफी संपवली, आपला कप स्वतः विसळून पालथा घातला आणि बाहेर पडला. जन्मात कधी कप विसळला नव्हता त्याने. तेव्हाच तिला कळायला हवं होतं, पण ती अजून हसत होती.

त्याची होडी खाडीच्या टोकाला, हिमनदीच्या पायथ्याशी सापडली. नीट दोर लावून बांधलेली. आत बंदूक, जेवणाचा डबा, सगळं जागच्या जागी. माणूस नाही. शोधणारे म्हणाले, बर्फावर चढला असेल आणि भेगेत गेला असेल. चर्चच्या पाळकांनी प्रार्थनाही म्हटली. पण म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. हसं झालेला माणूस रुसून डोंगरात निघून जातो, माणसांत परत येत नाही, थंडीवाऱ्याचा होऊन जातो, त्याला आमच्याकडे किविट्टोक म्हणतात. तो मेलेला नसतो आणि जिवंत म्हणावा तर तसाही नसतो. हा शब्द कोणी उच्चारला नाही. उच्चारायची गरजच नव्हती.

मग ऑगस्टमध्ये सालोमिनेची लेक निवी बाळंत झाली. मुलगा. आणि पोर रडायला लागलं ते थांबेना. दूध प्यायचं, रडायचं. झोपायचं, झोपेत रडायचं. सुईण बोलेथे ही सालोमिनेच्या नवऱ्याची आत्या, दात सगळे पडलेले पण नजर टाचणीसारखी. तिने पोराला उलटं-सुलटं करून बघितलं.

"याला दुखत नाहीये काही," ती म्हणाली. "हा नाव मागतोय."

"आत्याबाई, मुलाला पोटात वारा धरला असेल," सालोमिने म्हणाली.

"वारा धरलेलं पोर पाय आखडतं. हा दाराकडे बघून रडतो. कोणाचं नाव हवंय ते तुला कळतंय आणि मलाही."

निवी अंथरुणातूनच म्हणाली, "आई, बाबांचं देऊ या ना. मला तेच हवंय."

"आणि तो जिवंत असला तर?" सालोमिनेने विचारलं. पहिल्यांदाच ते तिच्या तोंडून बाहेर आलं.

बोलेथेने पोराला दुपट्यात गुंडाळलं. "जिवंत माणसाचं नाव काढून दुसऱ्याला दिलं, तर त्याला परत यायला वाट राहत नाही. हाक मारली तरी त्याला ती आपली वाटत नाही. आणि गेलेल्याचं नाव दिलं नाही, तर तो दाराबाहेर ताटकळत राहतो आणि पोर आत झुरतं. तू त्याची बायको. तू सांगशील ते. पाळक रविवारी येतायत, पुढच्या वेळी कधी येतील देव जाणे."

रविवारच्या आधी जहाजाची एक फेरी होती. फेरी कुठे, तर त्याच खाडीत. तिला सुट्टी मिळाली असती, पण तिने मागितली नाही.

गाबाही त्याच जहाजावर होता. शिकार सुटल्यावर तोही शेवटी तिथेच आला. पाहुणे किनाऱ्यावर उतरले की बंदूक घेऊन अस्वलापासून त्यांची राखण करायची, हे त्याचं काम. त्या कॉफीनंतर त्याची जीभ कोणी कापून नेल्यासारखा गप्प झाला होता. सालोमिनेला वहिनी म्हणायचा, पण नजरेला नजर देत नसे.

खाडीच्या टोकाशी पोचले तेव्हा दुपार होती. ऊन असं की पाहुण्यांनी टोप्या काढल्या. रबरी होड्यांनी सगळे जुन्या वस्तीवर उतरले. तिथे आता कोणी राहत नाही. मातीगवताची घरं खचून त्यांचे हिरवे उंचवटे झालेत. सालोमिनेने दगडांच्या आडोशाला गॅस मांडला, पातेलं चढवलं. समोर हिमनदीची निळी भिंत. मधूनच तिचा एखादा कडा तुटायचा, आणि आवाज मागाहून यायचा, म्हणून दरवेळी वाटायचं की तुटलं एक आणि ओरडलं दुसरंच कोणी.

पाहुणे वाडगे घेऊन बसले. एका जर्मन बाईने सीलचा तुकडा चमच्याने वाडग्याच्या कडेला सारला. सालोमिनेने पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं.

आणि बर्फावरून धुकं उतरलं.

धुकं आम्हाला नवं नाही. पण ते समुद्रावरून येतं. हे वरून आलं, दगडगोट्यांच्या उतारावरून, अगदी सावकाश, जमिनीला धरून. आधी हिमनदी गेली, मग उतार, मग शेवटची घरं. कडे तुटायचे आवाज थांबले. पक्षीसुद्धा गप्प झाले. पातेल्यातला रस्सा तेवढा रटरटत होता, आणि सालोमिनेने त्याखालचा गॅसही बंद केला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

जर्मन बाई किंचाळली.

उतारावर कोणीतरी उभं होतं. मळकट पांढरं, उंच, खांदे थोडे पुढे झुकलेले. धुक्यात ते जवळ होतं की लांब, कळत नव्हतं. हलत नव्हतं. बघत होतं.

गाबाने बंदुकीत गोळी चढवली. "वहिनी, सगळ्यांना होडीकडे न्या. पळू देऊ नका, नुसतं चालायला लावा."

सालोमिने जागची हलली नाही. "गाबा, ते काय आहे?"

"अस्वल. वास घ्यायला उभं राहतं असं."

"इतका वेळ?"

"वहिनी, मला काही विचारू नका!" त्याचा आवाज चिरला.  "ते माझ्याकडेच बघतंय. मघापासून नुसतं माझ्याकडे. तुम्हाला दिसत नाही का?"

तिला दिसत होतं. हसणाऱ्याला किविट्टोक शोधत येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. गाबा राखणदार म्हणून बंदूक धरून नव्हता. तो घाबरून धरून होता. आणि घाबरलेला शिकारी मारतो, विचार मागाहून करतो.

ती आकृती एक पाऊल खाली आली. गाबाने बंदूक खांद्याला लावली.

अस्वल असेल तर मारू दे, नाहीतर ते पाहुण्यांत घुसेल. माणूस असेल तर? विचारायचा मार्ग एकच होता. जिवंत माणसाला त्याच्या नावाने हाक मारली तर तो ओ देईल. आणि तो गेलेला असेल, तर ते नाव घेणं म्हणजे त्याला अर्ध्या वाटेतून ओढून आपल्या मागे लावून घेणं. मग तो ना बाळात जाईल, ना मातीत.

तिने गाबाच्या बंदुकीची नळी हाताने खाली दाबली आणि ओरडली,

"पावियाऽऽ!"

जवळजवळ वर्षभराने ते नाव हवेत गेलं. भिंतींसारख्या कड्यांवर आपटून परत आलं, पुन्हा गेलं, पुन्हा आलं, दरवेळी थोडं वेगळ्या आवाजात. शेवटचं परत आलं ते तिच्या आवाजात नव्हतं, असं गाबा पुढे कितीतरी दिवस सांगायचा.

आकृती थबकली. मान कलली, ओळखीचं काही ऐकल्यासारखी. सालोमिनेने दोन्ही हात पुढे केले. "ये," ती म्हणाली, आता ओरडत नव्हती. "रस्सा गरम आहे. कोणी हसणार नाही. ये रे."

ती किती वेळ हात पुढे करून उभी होती कोण जाणे. मग ते वळलं. घाई नाही, भीती नाही. दोन पायांवरच वर चढत गेलं, अस्वल जाईल त्याहून कितीतरी लांब, आणि बर्फ आणि धुकं जिथे एक झालं होतं तिथे दिसेनासं झालं.

थोड्या वेळाने पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अस्वल बघायला मिळालं होतं ना! फोटोत नुसता पांढरा पडदा आला, तरी एकमेकांना दाखवत सुटले. गाबा आणि सालोमिने उतारावर जाऊन आले. ओले दगड, त्यांवर शेवाळ. त्यावर पाऊल कोणाचंच उमटत नाही.

संध्याकाळी गाबा जहाजाच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, अस्वलच होतं ना?"

"अस्वल म्हण. झोप लागेल."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

सालोमिने पातेलं घासत होती. "मी नाव घेतलं. त्याने ऐकलं. जिवंत असता तर ओ दिली असती. मेलेला असता तर नावाला धरून माझ्या मागे आला असता. माझ्या मागे कोणी आहे का बघ बरं."

गाबाने खरंच तिच्या पाठीमागे बघितलं. "कोणी नाही."

"म्हणजे नाव त्याने तिथेच ठेवलं. मला देऊन टाकलं म्हण. ठेवून दिलेलं उचलायला हरकत नसते." ती घासायची थांबली. "नको झालेली गोष्ट माणूस ठेवून जातो, गाबा. ते नाव त्याला नको झालं होतं. आपण सगळे त्या नावाला हसलो होतो ना."

गाबा बसला आणि बटाटे सोलू लागला. कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी पाळकांनी पाणी शिंपडलं आणि पोराचं नाव पाविया ठेवलं. पोर रडायचं थांबलं, ते असं की सगळ्यांनी वाकून श्वास चालतोय ना ते बघितलं. नंतर घरी कॉफी झाली, केक झाले, देवमाशाच्या कातडीचे तुकडे चघळून झाले. सगळी वस्ती लोटली. रीतीप्रमाणे सालोमिनेने नातवाला मांडीवर घेऊन नवऱ्याशी बोलावं तसं बोलायला सुरुवात केली, "आलास? कपाटाचं दार सैल टाकून गेला होतास, हिवाळाभर मीच ढकलून लावत होते. आणि दाढी कुठे गेली रे तुझी?" बायका हसल्या. हसता हसता एकदम थांबल्या आणि एकमेकींकडे बघू लागल्या.

गाबा टोपी काढून पोरापुढे आला. मोठा माणूस, पण गुडघ्यांवर बसला. "पाविया," तो म्हणाला, "थट्टा होती रे ती. मित्राची थट्टा." बाळ त्याच्याकडे टक लावून बघत राहिलं. खोलीत कोणी कप खाली ठेवला नाही. मग बाळाने जांभई दिली. गाबा तोंड झाकून रडला आणि त्याला कोणी हसलं नाही.

तेवढ्यात बाहेर कुत्री उठली. वस्तीभरची, सगळी एकदम. भुंकली नाहीत. साखळ्या ताणून, डोंगराकडे तोंड करून नुसती उभी राहिली. शेपट्या हलत होत्या, मालक घरी येताना हलतात तशा.

निवी खिडकीकडे निघाली. बोलेथेने तिचं मनगट धरलं. "तिकडे बघायचं नाही. ज्याचं नाव दिलं, त्याला आता इथे घर नाही."

सालोमिने उठली. बाळाला घेऊनच खिडकीपाशी गेली. तिने बाहेर बघितलं की नाही, ते कोणी सांगत नाही. तिची पाठ सगळ्यांकडे होती. खांदे तेवढे हलले. तिने खिडकीचं दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

तिच्या ओठांपर्यंत हाक आली होती. पण त्या हाकेला ओ देणारा आता तिच्या कुशीत होता, आणि तो झोपला होता.