मुकी गाडी आणि एकविसावा दिवस

नवऱ्याने जुनी हायब्रीड गाडी आणली तेव्हा मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नव्हते. सगळं डोणगाव डिझेलच्या गाड्या घेतं आणि आमचे हे अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर चालणारी घेऊन आले! चालू असली तरी उभ्या जागी चिडीचूप. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिचं नाव ठेवलं मुकी. मला ते फार पटलं होतं.

माझ्याकडे अंडी उबवायचं मशीन आहे. बचत गटातल्या बाया आपल्या गावरान कोंबड्यांची अंडी आणून देतात. कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून कुणी कोळशाची फुली काढते, कुणी काजळाचा ठिपका लावते, कुणी कुंकवाचं बोट ओढते. त्या दिवशी एकविसावा, म्हणजे पिल्लं निघायचा दिवस होता. सकाळी काचेतून पाहिलं तर एका फुलीशेजारी बारीक चीर पडलेली आणि आतून चोच हलत होती. मला इतका आनंद झाला की चुलीवरचं दूध उतू गेलं.

तेवढ्यात वादळ आलं आणि लाइन गेली. पोल आडवे झालेत, संध्याकाळपर्यंत काही खरं नाही, असं लाइनमन सांगून गेला. घरातला इन्व्हर्टर दोन तासांत टूं टूं करायला लागला. मशीन गार पडलं की पिल्लू अंड्यातच मरतं. बायांना मी काय तोंड दाखवणार होते?

"रडू नको. गाडी हाय ना," नवरा म्हणाला. त्याने इन्व्हर्टरच्या वायरी उतरलेल्या बॅटरीवरून काढून गाडीच्या छोट्या बॅटरीला लावल्या, ब्रेकवर पाय ठेवला आणि बटन दाबलं. समोर हिरवी 'रेडी' अक्षरं उमटली. "आता हिले कोणी हात लावू नोका. लागलं तं आपोआप इंजिन चालू करते, आपोआप बंद करते."

आणि खरंच! मशीनचा दिवा लागला, पंखा फिरला, गर्मीचा आकडा वर चढायला लागला. ज्या गाडीला मी शिव्या दिल्या, तिच्या बॉनेटवरून मी हात फिरवला. नवरा पोल उचलायला माणसं कमी पडतात म्हणून निघून गेला.

दुपारी परत तेच टूं टूं. मी अंगणात धावले. गाडीची अक्षरं गेलेली, आणि शेजारी मामाजी खुशीत उभे.

"बंद पडली व्हती. मघाच म्या चालू केली," ते म्हणाले.

जन्मभर त्यांनी विहिरीवरची मोटर सांभाळली. आवाज नाही म्हणजे मोटर बंद, आणि बंद दिसली की जाऊन बटन दाबायचं, हेच त्यांच्या हाताला ठाऊक. मुकी गप्प दिसली, त्यांनी बटन दाबलं, आणि चालू गाडी बंद झाली. तेव्हापासून मोठ्या बॅटरीचा आधार तुटला आणि इन्व्हर्टर नुसती छोटी बॅटरी पीत होता.

"मामाजी, काऊन हात लावला वो?" मी ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्यावर आवाज पहिल्यांदाच चढवला. त्यांचा चेहरा पडला.

मला गाडी येत नाही. तरी बसले. ब्रेक, बटन. आत नुसतं टिक टिक झालं. परत दाबलं, परत टिक टिक.

"लोड काढा लागते पोरी," मामाजी हळूच म्हणाले. "लाइन कमी असली तं मोटर लोडवर उठत नाही." त्यांनीच जाऊन इन्व्हर्टरची वायर सोडवली. बॅटरीला जरा दम खाऊ दिला. मग मी बटन दाबलं आणि हिरवी अक्षरं आली! पाठोपाठ इंजिन आपोआप घुरघुरलं. मामाजींनी वायर परत जोडली. मी आत पळाले तेव्हा आकडा बराच खाली गेला होता, पण अंड्यांतून चिवचिव ऐकू येत होती. मी मशीनसमोर फतकल मारून बसले आणि ढसाढसा रडले.

मग काय, एकामागून एक! फुलीवालं निघालं, ठिपकेवालं निघालं. बाया आल्या, तर खुणा टरफलांवर राहिलेल्या आणि पिल्लं सगळी एकमेकांत मिसळलेली. कुणाचं कुठलं यावरून नुसता हसण्याचा गोंधळ. मध्येच लाइन आली, परत आलेल्या नवऱ्याने मशीन घराच्या लाइनवर घेतलं आणि तोही पिल्लं बघत बसला.

संध्याकाळी मला मामाजी आठवले. एक पिल्लू ओंजळीत घेऊन मी माफी मागायला अंगणात गेले. ते गाडीच्या दाराशी खुर्ची टाकून, काठी मांडीवर आडवी धरून बसले होते. मी जवळ गेले तशी त्यांनी काठी पुढे केली.

"हात लावू नोको. गप हाय म्हंजे चालू हाय."

लाइन येऊन तास झाला होता, आणि त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.