कौस्तुभच्या पाटीचा दुसरा स्क्रू

कंपनीचा मालक बदलणार अशी कुणकुण लागली ना, की माणसं कामं कमी करतात आणि किस्से जास्त! मी ड्युसेलडॉर्फच्या ऑफिसात हाउसमाइस्टर. म्हणजे नळ, बल्ब, कुलपं आणि दारांवरच्या पाट्या. शिक्षण सातवी, तीही मास्तरांच्या मेहेरबानीनं. कंपनी चेक वर्तमानपत्रं काढते, पण मालक जर्मन. आता म्हणे कुणा चेक शेठला विकणार!

नवा मालक कुणाला ठेवणार, कुणाला काढणार? पाट्या मी उतरवतो, म्हणजे मलाच आधी कळणार, असं सगळ्यांना वाटतं. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघालो की कॉरिडॉर चिडीचूप. अहो, संडासाची कडी दुरुस्त करायला निघालो तरी!

*

सगळ्यात घाबरट आमचा नाशिकचा कौस्तुभ. वेबसाइट तोच सांभाळतो. त्याचंही खरंच आहे म्हणा. नोकरी गेली की व्हिसा लटकला, एवढी वणवण करून मिळालेली वोनुंग, म्हणजे भाड्याची जागा, गेली, आणि बायको बाळंतपणाला टेकलेली.

म्हणून मी काय केलं? त्याच्या पाटीच्या दोन स्क्रूंपैकी एक काढून खिशात टाकला! पाटी लागली लोंबायला. तेव्हापासून पठ्ठ्या दार असं लावतो, जसं काही बाळ आलंय आणि आत झोपलंय.

शेवटी न राहवून विचारलंन, "बबनकाका, वरून काही ऑर्डर आहे का हो?"

"मला कोण काय सांगतंय रे! एक काढा म्हणाले, एक काढला."

*

हानाबाई चेक. या कंपनीत तिचे केस पांढरे झाले. एकदा मी विचारलं, "बाई, आजवर मालक किती बघितलेत?"

म्हणाली, "आधी तिकडे आमच्या पेपराचा मालक कम्युनिस्ट पक्ष होता. काय छापायचं ते वरून यायचं. मग आम्ही पत्रकारच मालक झालो. रोज भांडणं! मग जर्मन आले."

"मग काय झालं?"

"कॉफी सुधारली."

*

एक दिवस सुटाबुटातला माणूस आला. टेप लावून प्रत्येक खोलीच्या खिडक्या मोजतोय, कुणाशी बोलत नाही. झालं! नव्या मालकाचा माणूस! हिशेबखात्यातले दोघे उठून उभेच राहिले. कौस्तुभनं त्याला आलं घातलेला चहा पाजला, वर स्वतःचा सीव्हीही हातात दिला.

त्यानं तो नीट वाचला आणि म्हणाला, "छान आहे. पण पडद्यांचा रंग कुठला हवा?"

*

मग कौस्तुभनं ठरवलं, चेक व्हायचं! डब्यात क्नेडलिकी, म्हणजे चेक लोकांचे ते मैद्याचे जाडजूड उकडलेले गोळे. नुसते घशाखाली उतरेनात, म्हणून बायकोनं चिरून चिंचगुळाच्या आमटीत उकळले. वरणफळंच की!

हानाबाईनं एक घास खाल्ला, डोळे मिटले. कौस्तुभचा जीव टांगणीला.

"मालक कुणीही येवो," ती म्हणाली, "हे बंद कर."

*

आमचे साहेब फोगेल. सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून म्हणाले, "विकण्याचा प्रश्नच नाही. गेनाऊ, अगदी नक्की! आपण एक कुटुंब आहोत."

हानाबाई तिथून उठली ती थेट कुंडीतली रोपं खोक्यात भरायला लागली. "पक्षानंही शेवटच्या आठवड्यात हेच सांगितलं होतं."

*

आणि कंपनी विकली गेली! सकाळीच फोगेलसाहेबांचा फोन. "शिंदे, स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर या."

निघालो. सगळी दारं बोटभर उघडी. मी मुद्दाम कौस्तुभच्या दारापाशी बुटाची लेस बांधायला वाकलो. आत खुर्ची पडल्याचा आवाज!

वर गेलो तर साहेबांनी स्वतःच्याच दाराकडे बोट दाखवलं. पाटी उतरवली. त्यांनी नवी पाटी हातात दिली. तिच्यावर हानाबाईचं नाव! साहेब कॉफीचं मशीन काखेत मारून जिना उतरले.

हानाबाई आली. पाटी बघितली, हसली नाही. "शिंदे, तो स्क्रू ड्रायव्हर द्या."

दिला. तडक खाली कौस्तुभच्या दारापाशी. मी मागोमाग. कौस्तुभ लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून उभा. पांढराफटक.

बाईनं माझ्यापुढे तळहात केला. "आणि तो स्क्रू?"

मी गुपचूप खिशातून काढला. बाईनं तो लावला, पिळून घट्ट केला, अंगठ्यानं पाटी दाबून बघितली.

"आता हलत नाही," कौस्तुभला म्हणाली. "जा, घरी फोन कर."

मी स्क्रू ड्रायव्हरसाठी हात पुढे केला. बाईनं तो स्वतःच्या पर्समध्ये टाकला, चार पावलं गेली, आणि माझ्या खोलीच्या दारापाशी थांबून पाटी वाचत उभी राहिली.