तिथीची पाऊणपट

कॉलेजात असताना मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आमच्या गावच्या मोरा बंदरात भरती किती वाजता, हे तो रोज सकाळी आईच्या मोबाइलवर कळवायचा. ओहोटीला गाळामुळे मुंबईची लाँच धक्क्याला लागत नाही, लहान होडीतून तिच्यात चढावं लागतं. तिथेच आई एकदा पडली आणि गुडघा धरून बसली. माझ्या मेसेजशिवाय ती मुंबईला निघत नाही, असं मी ऑफिसात कौतुकाने सांगायचे.

गेल्या महिन्यात एका रविवारी, बेलापूरच्या फ्लॅटवर बसून, मी पायथन या कोडिंगच्या भाषेची जुनी आवृत्ती काढून नवी टाकली. प्रोग्रॅमच्या मेसेज पाठवणाऱ्या भागाला, म्हणजे मॉड्यूलला, नवीच हवी होती. पण भरतीचं गणित करणारं मॉड्यूल नवीवर चालेना. ते कुणा परक्याने लिहून कधीच वाऱ्यावर सोडलेलं. जुनी परत टाकली, की मेसेज बंद. एकीची समजूत काढावी तर दुसरी रुसणार, अशा दोन जावा दिवसभर माझ्या लॅपटॉपमध्ये भांडत होत्या. भरतीच्या वेळा नेटवर मिळतात, मलाही ठाऊक आहे. पण मी हट्टी.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आईला मुंबईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. रविवारी संध्याकाळी हरून घरी फोन लावला. बाबांनी उचलला. त्यांचा जन्म मासेमारीत गेला.

"बाबा, उद्या मेसेज येणार नाही. भरतीचं बिघडलंय."

"उद्या चतुर्थी," ते म्हणाले. "चाराची पाऊनपट तीन. तीनला भरती, मंजे नवाला सुकती. नवाची लाँच नको. बाराला जाईल तुजी आई."

सुकती म्हणजे ओहोटी. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ. मी फोन ठेवला आणि जुने मेसेज काढून ताडून पाहिले. थोडाफार फरक. काखेत कळसा आणि गावाला वळसा. भरतीचं मॉड्यूल उडवलं, दिनदर्शिकेतून महिन्याच्या तिथी भरल्या, गुणाकाराची एक ओळ लिहिली. उद्याचा मेसेज लगेच पाठवून पाहिला. गेला.

मग पुन्हा फोन केला. "इतकी वर्षं सांगितलं का नाही, बाबा?"

"तू कवा इचारलंस?"

मला लाज वाटली. तेवढ्यात आईने फोन घेतला.

"मेसेज आला गं तुजा. त्यानला दाखवला."

"बाबांना कशाला?"

"रोजच दाखवते. ते बरोबर हाय बोलले, का मंग मी निगते."