बाभळीवरचा बिननावाचा

"पळू नको, आधी डोळे मोज!" कोळी दिसला की आमच्या शेजारचे मामा मला दटावायचे. मंडळी, मी पन्नाशीचा, वजनानं नव्वद किलो, आणि कोळी दिसला की खुर्चीवर चढणारा. त्याचे आठ डोळे कसले मोजतो!

मामा शिरूरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. एकटे राहायचे आणि उड्या मारणाऱ्या कोळ्यांची शास्त्रीय नावं शोधायचे. हे कोळी जाळ्यात वाट बघत बसत नाहीत, झडप घालतात. त्याआधी अख्खं अंग वळवून तुमच्याकडं टक लावून बघतात. ती नजर मला सोसत नसे.

वडगाव रासाईला, नदीकाठच्या बाभळीवर, मामांना एक असा सापडला की तो कुठल्याच पुस्तकात बसेना.

"मग द्या की नाव ठोकून!" मी म्हणालो.

"आरं, ल्हान हाय अजून. शेवटची कात टाकून पुरा नर झाला, तरच वळखता येतं. आन् नाव द्यायचं म्हंजी भ्या वाटतं. चुकलं तर जगभर चूक."

दुसरा तसा मिळालाच नाही. तेवढ्यात मामांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, आणि पुण्याला निघताना त्यांनी तो कोळी ठेवलेली प्लास्टिकची डबी माझ्या हातात दिली.

"मामा, मला नका..."

"दुसरं कोण हाय मला? दोन दिसाआड एक माशी टाक."

आठवडाभर डबी टेबलावर आणि मी दारात! माशी टाकताना हात असा कापायचा की माशीच घाबरावी. एक दिवस कोळ्यानं पांढरी पिशवी विणली, आत जाऊन बसला, खाईना. मी फोन केला.

"कात टाकणार आता," मामा कुजबुजले. "हात लावू नको."

हात नाहीच लावला. पण आमच्या घरात पाहुण्याला उपाशी ठेवत नाहीत हो! माशी नको असेल म्हणून मी एक टपोरा रातकिडा आत सोडला.

सकाळी पाहिलं. रातकिडा मिशा साफ करत बसलेला. पिशवी फाटलेली, आणि तिच्यात कोळ्याचे नुसते दोन पाय. कात टाकताना कोळ्याला हलताही येत नाही, हे मला कुठं ठाऊक!

तेवढ्यात फोन वाजला. 

"टाकली का रं कात?"

"टाकली, मामा. पुरा नर. काळा कुळकुळीत."

 मामा हसले. "मग ऐक. नाव ठरलं." त्यांनी नाव सांगितलं, दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून. "ऑपरेशनला न्यायला आल्यात मला. आता भ्या न्हाई."

मामा परत आले नाहीत.

आता दर रविवारी मी वडगावला जातो आणि बाभळीची साल उचकटतो. कोळी दिसला की अजून दोन पावलं मागं सरतो. ज्याचं नाव आहे तो सापडला, तर मोठ्यानं म्हणेन. तोवर तुम्हालासुद्धा सांगणार नाही.