सतरा वर्षं खेचरांपाशी

टायपिंगची परीक्षा पास झाले आणि नौपाड्यातल्या त्याच क्लासमध्ये कामाला लागले. सकाळी मुलींना शिकवायचं, दुपारी लोकांचे अर्ज टाइप करायचे. एके दुपारी चाळिशीचे एक गृहस्थ आले. लष्करातून नुकतेच निवृत्त झालेले, ठाकुर्लीला भावाकडे उतरलेले.

"अनुभव काय लिहू, काका?"

"सतरा वर्षं खेचरं सांभाळली."

मला हसू आलं. त्यांनी ते पाहिलं, पण शांतपणे समजावून सांगितलं: डोंगरात रस्ता नसतो तिथे रेशन, दारूगोळा सगळं खेचरांच्या पाठीवरून जातं. मी ओशाळले. अर्जात 'वाहतूक विभाग' असं टाइप केलं.

त्यांनी वाचून कागद परत दिला. "ताई, उद्या ट्रक चालवायला सांगतील. मला येत नाही. खेचरं लिहा."

तसे सात-आठ अर्ज गेले. शेवटी एका कारखान्याने गेटवर उभं केलं. सुटी झाली की कामगारांच्या पिशव्या तपासायच्या, डबे उघडायला लावायचे. महिन्याभरात ते नोकरी सोडून परत आले. "माणसं मान खाली घालून उभी राहतात हो. नाही बघवत." घरात वहिनी बोलेनाशी झाली होती, तेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

डोंबिवलीला आमच्या शेजारी जनावरांचे डॉक्टर राहायचे. दवाखाना कल्याणला. तेव्हा कल्याणात टांगे चालत. मी रविवारी काकांना तिथे घेऊन गेले. दारातच एका टांग्याचा घोडा बिथरला होता, मागच्या पायाला हात लावू देत नव्हता. दोघं लगाम ओढत होते.

"सोडा त्याला," काका म्हणाले.

ते घोड्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. काहीतरी पुटपुटत पाठीवरून, मग पायावरून हात खाली नेला. घोड्याने आपणहून खूर उचलला. आत खिळा रुतलेला.

"उद्यापासून या," डॉक्टर एवढंच म्हणाले.

वर्षभरात त्यांनी कल्याणला खोली घेतली, गावाहून बायको-मुलांना आणलं. टांगे हळूहळू कमी झाले, तसे ते डॉक्टरांबरोबर तबेल्यांत म्हशींपाशी जाऊ लागले.

माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले तेव्हा चहा घेताना विचारलं, "फौजेची आठवण येते का?"

"एका खेचरीची येते. निघताना तिला भेटलो नाही. तिने दावं तोडलं असतं."

काकूंनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. लग्नाला दोघं सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.