बायनाबाईचा जबाब

बायनाबाईचा पहिला जबाब मीच लिहून घेतला होता. त्यात एकच ओळ होती: "मुखरू यांची जमीन त्या ठिकाणी होती की नाही, हे मला आठवत नाही." खाली तिचा निळा अंगठा.

ही २०११ सालची गोष्ट. मी, हरिदास, तेव्हा आमच्या गावच्या वनहक्क समितीचा सचिव होतो. नागभीडच्या पुढे, जंगलाला खेटून आमचं गाव. निम्मी वस्ती ढिवरांची. तलावात मासे धरायचे, धानाच्या दिवसात रोवणीला जायचं. जंगलात कसत आलेल्यांना जमिनीचा हक्क देणारा कायदा येऊन पाच वर्षं झाली होती. पण आमच्या ढिवरांसारख्या आदिवासी नसलेल्या माणसाला त्यात तीन पिढ्यांचं, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचं राहणं दाखवावं लागतं. एवढा जुना कागद आमच्याकडे कुणाजवळ असणार? म्हणून गावातल्या जुन्या माणसाचा जबाबही पुरावा म्हणून चालतो, अशी सोय कायद्यात आहे. आमच्या गावात तसं जुनं माणूस एकच उरलं होतं. सत्तरीची बायनाबाई.

दावा तिच्या शेजाऱ्याचा होता. लटारूचा. त्याचा आजा मुखरू याने जंगलाच्या कडेला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, काढल्या होत्या, तीन एकर. बाप तिथेच राबला आणि आता लटारू कसत होता.

मी तिच्या ओसरीवर बसून विचारलं, "बाई, मुखरूच्या बांध्या तुम्ही पाहल्या ना?"

ती टोपलीतले झिंगे निवडत होती. हात थांबले. लटारूच्या घराकडे बघून म्हणाली, "मले आठवत नाई."

"नीट आठवून पाहा."

"नाई म्हटलं ना. लिव तसंच."

मला खटकलं होतं, हे आज कबूल करतो. पण त्या आठवड्यात मला चौदा दावे पुरे करायचे होते. मी लिहिलं, अंगठा घेतला आणि उठलो.

तिच्या मनात काय होतं, ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी लटारू मच्छीमार सोसायटीचा राखणदार होता. पावसाळ्यात, मासे अंडी घालतात त्या बंदीच्या दिवसांत, बायनाबाईच्या मुलाने, निकेशने, तलावात जाळं टाकलं असं त्याने सभेत सांगितलं. निकेशचं नाव सोसायटीतून कमी झालं. पोरगा गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीवर कामाला गेला, तो तिकडचाच झाला. नवरा आधीच गेलेला. एकुलत्या पोरावर खोटा आळ घालून त्याला गावाबाहेर काढलं, असं ती बाजारात मासे विकताना गिऱ्हाइकालाही सांगायची.

पुढच्या वर्षी लटारूचा दावा नामंजूर होऊन आला. कारण लिहिलं होतं, तीन पिढ्यांचा पुरावा नाही. मग वनखात्याने त्या बांध्यांवर चर खोदले, सागाची रोपं लावली. लटारू आणि त्याची बायको कमला जानेवारी लागला की मिरची तोडायला तेलंगणात जाऊ लागले. जबाबात काय लिहिलंय हे त्यांना माहीत नव्हतं. सरकारने दिलं नाही, एवढंच ते म्हणायचे. मीही सांगितलं नाही.

आणि जाताना कमला घराची चाबी द्यायची ती बायनाबाईला. भिंतीला भिंत, दुसरं कोण? "कोंबड्यायकडे पाहा बाई," म्हणायची आणि परतताना सेरभर लाल मिरची आणायची. बायनाबाई ती मिरची खायची नाही. एकदा मी तिच्याकडे गेलो तर तीन वर्षांची मिरची शिंकाळ्यात तशीच लटकलेली. मी विचारलं, "वापरत काऊन नाई?" तर म्हणाली, "पोटात आग होते."

२०१४ साली लटारू-कमलाची पोरगी दामिनी आठवीतून शाळा सोडून आईबापासोबत गेली. मागे एकटी कुठे ठेवायची? त्या सकाळी गाडीत बसण्याआधी तिने पुस्तकांची पिशवी बायनाबाईच्या घरात आणून ठेवली, उंदीर कुरतडतील म्हणून वर टांगायला सांगितलं. त्या दिवसापासून बायनाबाईचं बाजाराला जाणं हळूहळू सुटलं. कोणी लटारूच्या जमिनीचा विषय काढला की ती उठून आत जायची.

२०१९ साली नामंजूर झालेले दावे पुन्हा तपासायचे ठरले. त्याच वर्षी पोळ्याला निकेश घरी आला होता. जेवताना बायनाबाई नेहमीसारखी लटारूच्या नावाने बोलू लागली, तेव्हा तो हसत म्हणाला, "माय, आता सोड ना. जाळं तं मी टाकलंच होतं. लटारूभाऊ खरं बोलला. अन मले काई इथी राहाचंच नव्हतं."

हे तिने मला नंतर सांगितलं. म्हणाली, "त्यानं घास खाल्ला, पाणी पेला, अन झोपून गेला. मी तशीच बसून राह्यली."

दोन ऑक्टोबरला शाळेच्या वऱ्हांड्यात ग्रामसभा भरली. मी नामंजूर दाव्यांची यादी वाचत होतो. लटारूचं नाव आलं आणि बायकांमधून बायनाबाई काठी टेकत उभी राहिली.

"हरिदास, माहा जबाब खोडून टाक. मी लबाड बोलली होती."

मी यादी मिटली, ती बोलतच राहिली.

"मुखरूच्या बांध्या मी पाहल्या. सात-आठ वर्षांची होती. माय रोवणीले जाये तिथी, मी धुऱ्यावर खेळत राहो. मले विंचू चावला तवा मुखरूबाबानं खांद्यावर टाकून घरी आणलं. माय सांगे, तिचं लगन होऊन ते या गावात आली तवापासूनच्या त्या बांध्या होत्या. मले समदं आठवत होतं. लटारूवर राग होता, म्हणून नाई म्हटलं."

लटारू पुढच्याच रांगेत बसला होता. त्याने मागे वळून पाहिलं आणि उठून शाळेच्या फाटकाबाहेर निघून गेला. कमला जागीच बसून होती. ती एवढंच म्हणाली, "बाई, मी तं तुमच्याजवळ चाबी ठेवत होती."

 बायनाबाई खाली बसली आणि तिने तोंडावर पदर घेतला.

नवा जबाब लिहिला, दावा वर गेला. मग टाळेबंदी आली आणि दीड वर्ष कागद हलला नाही. शेवटी जागेची पाहणी करायला साहेब आले, तेव्हा बायनाबाई ऐंशीला टेकलेली. वाघाचा वावर म्हणून आम्ही दहा-बारा जण सोबत गेलो. दोन किलोमीटर ती चालत आली, मोटारसायकलवर बसली नाही. सागाच्या झाडांखाली तिने काठीने माती उकरून जुन्या धुऱ्यांचे, म्हणजे बांधांचे, दगड दाखवले, बुजलेली विहीर दाखवली. लटारू लांब उभा राहून बघत होता.

साहेबांनी विचारलं, "आजी, आधी म्हणालात आठवत नाही, आता म्हणता आठवतं. आम्ही कोणतं खरं मानायचं?"

"आताचं. तवा राग होता मले. तो बी लिवा कागदावर."

२०२२ मध्ये लटारू आणि कमलाच्या नावाने जमिनीच्या हक्काचा पट्टा आला. तीन नाही, दीड एकराचा. उरलेल्या जागेवर साग वाढला आहे. तेलंगणात जाणं बंद झालं. लटारू बायनाबाईशी आजही बोलत नाही. समोर आली तर रस्त्याच्या कडेने जातो. कमला बोलते, पण कामापुरतं.

माझंही मन खात होतं. मी एकदा बायनाबाईला म्हटलं, "बाई, मी त्या दिवशी पुन्हा विचारायला पायजे होतं."

"विचारलं असतं तरी मी तेच सांगतलं असतं," ती म्हणाली. मला मोकळं करायला म्हणाली की खरंच तसं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. तिच्याकडे न बघता मी घाईत अंगठा घेतला होता, एवढं मात्र मला पक्कं आठवतं.

पट्टा आला त्या हिवाळ्यात दामिनी तिच्याकडे आली होती. बावीस वर्षांची झाली होती पोरगी. मी तिथेच होतो. तिने सरळ विचारलं, "आजी, तुमी तवा खरं सांगतलं असतं, तं माही शाळा सुटली नसती ना?"

मला वाटलं, म्हातारी रडेल, हात जोडेल, वयाचं कारण सांगेल. बायनाबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो. नसती सुटली."

 मग नळ आला म्हणून दामिनी पितळी गुंड घेऊन पाण्याला निघून गेली.

पुढच्या वर्षी तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून दहावीची परीक्षा दिली. गणितात राहिली. जुलैत पुन्हा बसली आणि पस्तीस मार्कांवर सुटली. निकाल तिने मला दाखवला, कमलाने गल्लीत बुंदी वाटली. बायनाबाईच्या दारात बुंदी घेऊन कोण जाणार, यावर लटारूच्या घरात थोडी बोलाचाली झाली. शेवटी कमलाच गेली.