रुमालाखालचा सौदा

भाव केल्याशिवाय जगातली कुठलीही गोष्ट घ्यायची नाही आणि केलेला भाव जन्मात कुणाला सांगायचा नाही, या दोन तत्त्वांवर अख्खं आयुष्य काढलेला माझ्या माहितीतला एकमेव माणूस म्हणजे माझा मामा. वाशीच्या फळबाजारात तो आंब्याची दलाली करायचा. तिथला जुना घाऊक सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि त्याच्या आड एकमेकांची बोटं धरून आकडे सांगतात. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, त्यावर भाव ठरतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी त्यांना दिसतो तो फक्त हलणारा रुमाल. मामा बाजारातून निवृत्त झाला, पण रुमाल काही निवृत्त झाला नाही. लग्नात सफारीच्या खांद्यावरसुद्धा तो चौकडीचा रुमाल असायचा. मामी म्हणायची, हा माणूस वर गेला तरी दारावर उभा असेल त्याच्या हातावर आधी रुमाल टाकेल.

आकडा मोठ्यानं बोलणं म्हणजे मामाच्या दृष्टीनं चारचौघांत कपडे बदलण्यासारखं. एकदा सोसायटीत कसल्याशा पाहणीसाठी आलेल्या बाईंनी त्याला वय विचारलं. मामानं खांद्यावरचा रुमाल काढला आणि हात पुढे केला. बाई तडक सेक्रेटरीकडे तक्रार घेऊन गेल्या आणि मामाला दिवसभर कळेना की आपलं चुकलं काय. त्याची दुसरी खोड म्हणजे हाताला लागेल ती वस्तू आंब्यासारखी दाबून आणि हुंगून बघायची. नवा सोफा, शेजाऱ्यांची उशी, दुकानातला साबण, काहीही सुटत नसे. माझा मुलगा वेळेआधीच जन्मला, तेव्हा मामानं दोन बोटांनी त्याचे गाल हलकेच दाबले, टाळूचा वास घेतला आणि म्हणाला, "माल एक नंबर हाय. फक्त अढीत पिकायला अजून थोडा ठेवायला पायजे होता."

देवाशीही त्याचा व्यवहार असाच. कोपरखैरण्याच्या त्याच्या घरात देव्हाऱ्यात पितळेचा गणपती आहे. कुणाची परीक्षा असो, कुणाचं लग्न जमत नसो, मामा आंघोळ करून गणपतीपुढे बसतो, त्याच्या हातावर रुमाल टाकतो आणि आत आपलं बोट सारतो. नवस काय बोललास, असं विचारलं तर चिडतो. "देव पण रुमालाखालीच सौदा करतो," असं त्याचं म्हणणं. "म्हणून तर बाहेरून कुणाला काय कळत नाय, आणि लोक म्हणतात देव ऐकत नाय." मी विम्याच्या ऑफिसात काम करते. माझा दिवस टक्केवारीत जातो. मामाचं हे तत्त्वज्ञान मी चेष्टेवारी नेत असे, आणि मागच्या थंडीत आईचा आवाज बसला तोपर्यंत मला त्याची कधी गरजही पडली नव्हती.

आई म्हणजे मामाची धाकटी बहीण. तो तिला बाय म्हणतो. आजोबाही याच धंद्यातले, त्यामुळे बोटांची ही भाषा ती लहानपणीच शिकली होती. दर भाऊबीजेला ओवाळणीचा सौदा रुमालाखाली व्हायचा. आई हात झटकायची, मामा पुन्हा ओढायचा, शेवटी दोघं हसायची आणि काय ठरलं ते बाबांनाही कधी कळलं नाही. एरवी आईचं सगळं उघड. ती पोळ्या लाटताना पोळ्यांशी बोलायची. चुकून लागलेल्या नंबरवरच्या बाईशीही इतका वेळ बोलायची की फोन ठेवल्यावर त्या बाईंची मुलगी दहावीला आहे आणि जावेशी त्यांचं पटत नाही, हे आम्हाला सांगायची. अशा बाईला डॉक्टरांनी सांगितलं की घशात कर्करोग आहे आणि स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं तर चांगली आशा होती. नाही काढलं तर फार दिवस नव्हते.

आईनं सरळ नाही म्हटलं. "जाईन ती बोलत जाईन," ती बसक्या आवाजात म्हणाली आणि कणीक मळायला लागली. मी तिला टक्केवारी सांगितली, इंटरनेटवरचे आलेख दाखवले, दुसऱ्या आणि तिसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. अबोला धरण्यात किती मूर्खपणा होता हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, कारण तिचा आवाज तोपर्यंत आणखी खोल गेला होता. घरात प्रत्येक जण हळू बोलायला लागला. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला व्हायचं. गाठ वाढत होती आणि आई मात्र सांगत होती की पोळी जळतेय, इकडे लक्ष द्या.

मग मी मामाला बोलावलं. तो आला, आईच्या शेजारी दिवाणावर बसला, तिच्या हातातली मेथीची जुडी काढून माझ्याकडे दिली आणि दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. मी मेथी निवडायचं सोंग करत समोर बसले. आईनं पहिल्याच झटक्यात हात बाहेर काढला. मामानं तो परत आत नेला. रुमाल हलत राहिला. आईचा चेहरा आधी रागावला, मग तिनं खाली बघितलं, मग एकदा चक्क फस्सकन हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मामाच्या कपाळावर घाम होता. बाजारातल्या सीझनमध्येही मी त्याला असा घामाघूम बघितला नव्हता. शेवटी त्यानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि मला म्हणाला, "डॉक्टरला फोन लाव. बाय तयार हाय."

ती कशावर तयार झाली, त्यानं काय देऊ केलं, मी दोघांना पुन्हा पुन्हा विचारलं. आईनं माझ्या हातातली मेथी परत घेतली आणि निवडायला लागली. मामाच्या चेहऱ्यावर मी काहीतरी अचकट विचकट बोलल्याचा भाव होता. "उघड सांगायचं असतं, तर रुमाल कशाला?" एवढंच तो म्हणाला.

ऑपरेशनच्या दिवशी मामा सकाळीच हॉस्पिटलात हजर झाला. बाजारात हापूसच्या पेट्या उतरत होत्या, निवृत्त झाला तरी पहाटे तिथं चक्कर मारून आल्यामुळे त्याच्या शर्टाला आंब्याचा वास होता आणि त्या वासानं लिफ्टमधले लोक क्षणभर का होईना, हसऱ्या चेहऱ्यानं इकडेतिकडे बघत होते. आईला आत नेण्याआधी डॉक्टर बाई आमच्याशी बोलायला आल्या. मामानं त्यांना खुणेनं बाजूला घेतलं. "मॅडम, पोरगी ऐकतेय. उघड नका बोलू," असं म्हणून त्यानं रुमाल टाकून हात पुढे केला. त्या बिचाऱ्या तरुण बाईला यातलं काय माहीत असणार? म्हातारा माणूस घाबरलाय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी रुमालासकट त्याची बोटं धरली, धीराचं दाबलं आणि आत निघून गेल्या. मामा परत आला तो पांढराफटक पडून.

"दोन म्हणाली," तो माझ्या कानात पुटपुटला.

दोन काय, हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही. दोन तास, दोन महिने की दोन वर्षं? मी विम्यातली बाई, आकडा हातात आला की मला बरं वाटतं, पण त्या दुपारी या एका आकड्यानं माझी झोपच उडवली असती, जर मी झोपले असते तर. दोन तास झाले, कुणी बाहेर आलं नाही. मामा रुमालाची घडी घालायचा आणि उलगडायचा. शेजारच्या बाकावरच्या बाई पदरात तोंड घालून रडायला लागल्या, तेव्हा मामानं पिशवीतून एक आंबा काढला, दाबला, हुंगला आणि त्यांच्या हातात ठेवला. "आज नका खाऊ," तो म्हणाला. "परवा तयार होईल. परवापर्यंत सांभाळा." त्या बाईंनी तो आंबा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

ऑपरेशन चांगलं झालं, असं संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या. मामानं धीर करून त्या दोनचा अर्थ विचारला, तर त्यांना काहीच आठवेना. पण सुटकेचा श्वास टाकायला सवड मिळाली नाही, कारण आई शुद्धीवर येईना. औषधांचा अंमल उतरायला हवा होता, तो उतरत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. मला आत सोडलं. आईच्या गळ्याला श्वासासाठी नळी बसवलेली, चेहरा सुजलेला. मी आई, आई म्हणून हाका मारल्या, हात दाब म्हणून सांगितलं. काही नाही. डॉक्टर बाई शांत होत्या, पण त्यांनी आणखी एका डॉक्टरांना बोलावलं आणि दोघं इंग्रजीत हळू बोलायला लागले.

मग मामा आत गेला. रुमाल आत न्यायला सिस्टरनं मनाई केली. तिच्याशी त्यानं थोडा भाव करून बघितला, पण ती केरळची, कडक शिस्तीची, तिनं दाद दिली नाही. शेवटी तिनंच एक धुतलेला हिरवा कपडा दिला. मी दाराच्या काचेतून बघत होते. मामानं तो कपडा आईच्या हातावर टाकला, आपला हात आत घातला आणि त्याचा चेहरा बाजारातला झाला, बेरकी आणि निर्विकार. तो थांबला. मग कपडा हलला. त्यानं मान नकारार्थी हलवली, पुन्हा हात नीट केला, एकदा तर रागानं आईकडे बघितलं. बाहेर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बोलली. एवढं कापलं तरी सुधारली नाय. चढा भाव सांगते."

मी तिथंच भिंतीला टेकून रडले. मामी हसली, बाबा पहिल्यांदा चहा प्यायले आणि हळू बोलणाऱ्या डॉक्टरांनीही पुन्हा तपासून बघू असं म्हटलं. त्याच संध्याकाळी आईनं डोळे उघडले.

आई घरी आली. रिपोर्ट चांगले येत गेले, तरी दर तपासणीच्या आदल्या दिवशी घरात कुणाला जेवण जात नाही, आणि यापुढेही काही काळ असंच चालणार. आम्ही आईचे ओठ वाचायला शिकलो. मामा रोज येऊन तिच्याशी रुमालाखाली भांडून जायचा. पण दुपारी फोन वाजला की आईचा हात पुढे जायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. वाजून वाजून तो बंद होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत उभी राहायची. तेव्हा मला वाटायचं, हे आपण तिच्यासाठी केलं की आपल्यासाठी? विचारायचं धाडस झालं नाही. ती 'माझ्यासाठी' म्हणाली असती तरी मला खरं वाटलं नसतं.

यंदाच्या भाऊबीजेला आई आत ताम्हण लावत होती. मामा स्वयंपाकघराच्या दाराशी माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तुला एक सांगतो. त्या दिवशी बायनं काय बोट दाबलं नव्हतं. हात थंडगार पडलेला. मीच आपला एकटा हलवत होतो." मी वळून आत बघितलं, आईची आमच्याकडे पाठ होती. "धंद्यात कधी खोटा सौदा नाय केला गो. पण तुमची तोंडं बघितली. म्हटलं, आज बाजार उठायला नको. गणपतीला सांगितलं, मी उघड बोलून टाकलंय, आता तू बघ."

मागे ठण्ण आवाज झाला. आईनं पळी ताम्हणावर आपटली होती. आवाज गेला तरी आईचे कान तिखट आहेत. ती मामासमोर येऊन उभी राहिली आणि आम्हा दोघांना नीट दिसावं म्हणून ओठ सावकाश हलवत म्हणाली, "दाबलं होतं. तुझाच हात थरथरत होता. तुला कळलं नाही."

मामाचे डोळे भरून आले आणि नाक पुसायलाही तो रुमाल वापरेना, कारण रुमाल सौद्याचा. "मग किती म्हणालीस गो बाय?" त्यानं विचारलं. आईनं कपाळाला हात लावला. असं उघड कुणी विचारतं का?

मामा पाटावर बसला, ती समोर बसली आणि दोघांच्या हातांवर रुमाल पडला. नेहमीसारखी झटकाझटक झाली. मग आईनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि माझा हातही आत ओढला. आत ऊब होती. मामाची खरखरीत बोटं बाजूला झाली आणि आईनं माझी बोटं धरली, एकेक करून, सावकाश, लहान मुलाला शिकवतात तसं. तिच्यासाठी की आपल्यासाठी, हे इतके महिने जे विचारायला मी घाबरत होते, त्याचंच उत्तर ती देत होती, हे मला लगेच कळलं. ती भाषा मला येत नाही, असं मी आजवर समजत होते.

माझा नवरा सोफ्यावरून म्हणाला, काय ठरलं तुमचं? मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मोबाइलमध्ये डोकं घातलं, आणि मग लक्षात आलं, मामा असाच बघतो. निरांजनातली वात खाली आली होती, ओवाळायचं राहिलंच होतं, पण रुमाल कुणीच उचलेना.